माळ्यावरचा संगणक

पुण्यात एके काळी घरगुती संगणक तयार होत असे, हे आज पुण्यातल्याच संगणकवाल्यांना सांगितलं तर त्यांना थट्टा वाटते. पण ते खरं आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही पुण्याची कंपनी ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमचा परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाचं यंत्र विकत होती. काळी, आडव्या वहीएवढी पेटी. पडदा नाही, डिस्क नाही. टीव्ही घरचा, टेपरेकॉर्डरही घरचाच.

त्यातलं एक यंत्र माझ्या हाती आलं ते मामाच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट ठरलं तेव्हा. माळा रिकामा करताना तांब्याच्या घंगाळामागून एक खोकं निघालं. त्यात यंत्र, त्याचा वीटभर जड ॲडाप्टर आणि चार कॅसेटी. तीन कॅसेटी खेळांच्या. चौथीवर बॉलपेननं मामाच्या अक्षरात लिहिलेलं: ‘व्याज – २’. मामी म्हणाली, “नेतोस तर ने बाबा, उद्या भंगारवाला येणारच आहे.”

त्याच सुमाराला माझ्या घरात वेगळंच काम निघालं होतं. फायबरची जोडणी आली, राऊटर दिवाणखान्यात बसला आणि मागच्या खोलीत वायफाय पोचेना. मध्ये तीन भिंती आणि एक लोखंडी कपाट. म्हणून मी तार ओढायला घेतली होती. एका हातात क्रिम्पिंग टूल, दुसऱ्या हातात मामाचं यंत्र, अशा अवस्थेत डोक्यात आलं की याला त्या तारेला जोडता आलं तर? उपयोग काहीच नव्हता. पण घरातलं जाळं कसं चालतं ते मला खरं कळलं ते या उद्योगातूनच. आपला फोन जाळ्याला जोडला जातो तेव्हा दहा गोष्टी आपल्या नकळत होऊन जातात. १९८२च्या आखणीच्या या यंत्राला यातलं काहीच येत नाही. त्याला एकेक गोष्ट बोट धरून दाखवावी लागते, आणि दाखवायची तर आधी आपल्याला यावी लागते.

*

पण आधी यंत्र जिवंत करणं. जुनं यंत्र सापडलं की लगेच प्लगात घालून बघावंसं वाटतं. तो मोह आवरावा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो, पण त्याच्या गोल पिनेत आतलं टोक ऋण आणि बाहेरचं कडं धन असतं. आज दुकानात मिळणारे बहुतेक ॲडाप्टर नेमके उलटे. चुकीचा लावला तर आतले भाग धूरसुद्धा न काढता मरू शकतात. मूळ ॲडाप्टर मीटरला लावला की आणखी एक धक्का बसतो: ९ लिहिलेलं असताना काटा बारा-चौदा दाखवतो. घाबरायचं कारण नाही. त्या काळच्या साध्या ॲडाप्टरात व्होल्टेज नियंत्रित नसे, भार पडला की ते खाली येतं.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दोन चकरा मारून कपॅसिटर आणले, जुने काढले, नवे डागले. टीव्हीसाठी आतल्या मॉड्युलेटरच्या डबीला वळसा घालून सरळ व्हिडिओची तार बाहेर काढली. राहिला कळफलक. कळांच्या खाली प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, त्यावर वाहक शाईच्या रेघा असतात. तीस-पस्तीस वर्षांत तो पडदा पापडासारखा होतो आणि सॉकेटमधून काढताना त्याची शेपटी तुटते. माझीही तुटली. सुदैवानं हौशी लोकांसाठी हे पडदे अजून नव्यानं बनतात.

या यंत्राच्या पोटातली एक गोष्ट मला फार आवडते. मूळ स्पेक्ट्रमची स्मृती ४८ किलोबाइट, त्यातल्या वरच्या ३२ किलोबाइटसाठी सिंक्लेअरनं चक्क नापास झालेल्या चिप्स वापरल्या. चिप ६४ किलोबिटांची, पण तपासणीत तिची निम्मी बाजू बिघडलेली निघाली की कारखाना ती स्वस्तात काढून टाकी. सिंक्लेअरचे लोक त्या विकत घेत आणि बोर्डावर एक छोटा जोड टाकून चांगल्या बाजूलाच कामाला लावत. बुरशी लागलेला भाग कापून उरलेलं लिंबाचं लोणचं बरणीत भरावं तसा हा प्रकार. १९८२च्या एप्रिलमध्ये हे यंत्र १७५ पौंडांना विकता आलं त्याचं रहस्य असल्या काटकसरीत आहे. ४८ किलोबाइट म्हणजे किती? रोज सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि ‘शुभ प्रभात’ असं जे चित्र येतं, ते बहुतेक वेळा या यंत्रात मावणार नाही.

यंत्र सुरू झालं. आता मामाची कॅसेट.

स्पेक्ट्रम टेपवर आवाज लिहितो, दुसरं काही नाही. शून्य लिहायचा असेल तर त्याच्या ३५ लाख ठोक्यांच्या घड्याळातले ८५५ ठोके वर, ८५५ ठोके खाली. एक लिहायचा असेल तर दुप्पट, म्हणजे १७१० वर आणि १७१० खाली. कानाला ते साधारण दोन हजार आणि एक हजार हर्ट्झचे दोन सूर ऐकू येतात, एकमेकांत इतक्या वेगानं मिसळलेले की नुसता चरचराट वाटतो. शून्य आणि एक सारख्याच संख्येनं आले तर सेकंदाला सुमारे १७० बाइट होतात, म्हणजे पूर्ण ४८ किलोबाइट भरायला जवळपास पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्टे पळतात, मग निळे-पिवळे बारीक. ज्यांनी लहानपणी हे पाहिलंय त्यांना त्या पट्ट्यांवरूनच समजायचं की गाडी रुळावर आहे की नाही.

माझी नव्हती. प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी एक तपासणीचा बाइट असतो: आधीचे सगळे बाइट एका ठरावीक रीतीनं एकमेकांत मिसळून काढलेला. वाचताना त्याचा मेळ बसला नाही की यंत्र ‘टेप लोडिंग एरर’ म्हणून हात वर करतं. एक बिट चुकला तरी सगळा गठ्ठा बाद. सात वेळा प्रयत्न केला, सात वेळा तेच. मग टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवत बसलो. हेडचा कोन रेकॉर्डिंगच्या वेळच्या कोनाशी जुळला की चरचराट एकदम धारदार होतो. पूर्वी गाणी दबकी वाजायला लागली की तोच स्क्रू फिरवायचे. तरीही एक जागा अशी होती की तिथे फीत चुरगळलेली, आणि तिथे दर वेळी गाडी घसरायची.

टेपची खरी अडचण इथे आहे. टेप एकतर्फी बोलते. ऐकणाऱ्याला शब्द नीट कळला नाही तरी “काय म्हणालात?” असं विचारायची सोय नाही. सगळं पहिल्यापासून ऐका, नाहीतर सोडून द्या.

*

आता घरातल्या जाळ्याकडे. पहिलं कोडं पत्त्याचं. अजूनही सर्रास वापरला जाणारा आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणून जगभरात मिळून ४२९ कोटींच्या आसपासच पत्ते होतात. फोन, टीव्ही, कॅमेरे, बँकांची यंत्रं या सगळ्यांना ते पुरत नाहीत. यावरची तडजोड १९९६च्या फेब्रुवारीत कागदावर पक्की झाली: तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवायचे. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होणारे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. तुमच्या राऊटरनं वाटलेले पत्ते बहुधा शेवटच्या पट्ट्यातले असतील. ही चाळीतली खोली नंबर ५. अशी खोली गिरगावात असते, परळला असते, लालबागेतही असते. चाळीतल्या पोराला “पाच नंबरात ही वाटी देऊन ये” एवढं सांगितलं की पुरतं. नागपूरहून पत्र धाडणाऱ्याला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

मग खोली नंबर ५ बाहेरच्या जगाशी बोलते कशी? चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना पीपी नंबर आठवत असेल. घरात फोन नसे, पण लग्नपत्रिकेवर, अर्जावर शेजाऱ्यांचा नंबर देऊन पुढे कंसात ‘पीपी’ लिहायचं. आपल्याला कुणाला फोन करायचा तर शेजारच्या काकूंकडे जाऊन करायचा. त्या लक्षात ठेवायच्या की आत्ता जोशांच्या मुलीनं डोंबिवलीला फोन लावलाय, उलट फोन आला तर तो तिच्यासाठीच. राऊटर नेमकं हेच करतो. आतून गेलेल्या प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवतो आणि आलेलं उत्तर त्या त्या खोलीत पोचवतो. बाहेरून अनाहूत फोन आला तर काकू विचारणार, “कोण पाहिजे?” समोरच्यानं नाव सांगितलं नाही तर फोन खाली. म्हणून घरातलं यंत्र बाहेरून गाठायचं असेल तर राऊटरला आधी सांगून ठेवावं लागतं की अमुक पोर्टावर आलेला फोन अमक्या खोलीचा.

आपल्याकडे त्यात आणखी एक मेख आहे. अनेक ठिकाणी काकूंचा फोनही स्वतःचा नसतो, त्यासुद्धा कोपऱ्यावरच्या वाण्याचा नंबर देतात. इंटरनेट पुरवणारी कंपनीच शेकडो घरांना मिळून एक खरा पत्ता वापरते. राऊटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही पीपीचे पीपी आहात, आणि घरच्या राऊटरवर कितीही पोर्ट उघडलेत तरी बाहेरून कुणी येणार नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक रात्र रात्र राऊटरशी झुंजतात. मी तीन रात्री घालवल्या. वायरगार्डसारख्या व्हीपीएननं आतूनच बाहेर बोगदा काढणं, किंवा कंपनी नव्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही६चे पत्ते देत असेल तर ते वापरणं, हे दोन रस्ते आहेत.

तारेनं मला याहून जास्त शिकवलं. नेटवर्कच्या केबलीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडी पीळ घातलेली. हा पीळ शोभेचा नव्हे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं १८८१ सालीच त्याचं पेटंट घेतलं होतं. जोडीतल्या एका तारेवरून संदेश जातो, दुसरीवरून त्याचाच उलटा. शेजारून विजेची तार गेली की तिचा गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच चढतो. पलीकडचं यंत्र दोन्हींतला फरक तेवढा पाहतं, त्यामुळे गोंगाट वजा होऊन जातो. अट एकच: संदेश आणि त्याचा उलटा संदेश एकाच जोडीत असायला हवेत.

मला वाटलं, आठही तारा दोन्ही टोकांना एकाच क्रमानं लावल्या की झालं. म्हणून मी जोड्या ओळीनं बसवल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. टेस्टरचे आठही दिवे शिस्तीत लागले. लॅपटॉप जोडला तर जाळं कधी चालतंय, कधी रुसतंय. दोन मीटरच्या तुकड्यात ठीक, भिंतीतल्या पंधरा मीटरला बोंब. राऊटर बदलून पाहिला, भिंत फोडायच्या गोष्टी सुरू झाल्या. शेवटी कळलं की कनेक्टरवर दुसरी जोडी ३ आणि ६ या पिनांवर असते, मधल्या ४ आणि ५ वर तिसरी. क्रम विचित्र वाटतो, पण त्याला कारण आहे: टेलिफोनची जोडी पूर्वीपासून मधोमध बसत आली होती, ती तिथेच राहू दिली. माझ्या तारेत ३ नंबरची तार हिरव्या जोडीतली आणि ६ नंबरची निळ्या जोडीतली होती. पीळ होता, पण परक्या तारेशी. टेस्टर फक्त तार अखंड आहे का ते पाहतो, जोडी कुणाशी जुळलीय ते त्याला कळत नाही. दोन्ही टोकं कापून पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशी पुन्हा बसवली आणि त्या दिवसापासून तार एकदाही रुसलेली नाही.

*

स्पेक्ट्रमच्या पाठीमागे एक उघडी पट्टी असते. प्रोसेसरच्या जवळजवळ सगळ्या तारा तिथे सरळ बाहेर येतात, कसलंही झाकण नाही, कसलाही पहारा नाही. हौशी मंडळींनी तिथे बसणारं ‘स्पेक्ट्रानेट’ नावाचं कार्ड बनवलं आहे आणि त्याचा आराखडा सगळ्यांना खुला आहे. त्यावर डब्ल्यू५१०० नावाची चिप असते. इंटरनेटची सगळी शिष्टाचाराची भाषा तिला पाठ आहे. ३५ लाख ठोक्यांच्या प्रोसेसरला ते ओझं झेपलं नसतं, म्हणून हा दुभाषा.

कार्ड लावलं. राऊटरकडून पत्ता मिळवणं हा चार वाक्यांचा संवाद असतो: “कुणी पत्ता देतं का?” “हा घे.” “तोच घेतो.” “लिहून घेतला.” राऊटरच्या यादीत एक नवीन ओळ उमटली. फोन, टीव्ही, लॅपटॉप, आणि त्यांच्या पंगतीला स्पेक्ट्रम. मी त्याला १९२.१६८.१.४८ हा पत्ता कायमचा देऊन टाकला.

मग लॅपटॉपवरून ‘पिंग’ केलं. पिंग म्हणजे “आहेस का?” अशी हाक. माइक म्यूस या अमेरिकन माणसानं १९८३च्या डिसेंबरात हा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं. पहिल्याच हाकेला उत्तर आलं. मी घरच्यांना बोलावलं, चहा मागवला, फोटो काढले. दोन दिवसांनी चिपचं माहितीपत्रक वाचताना लक्षात आलं की पिंगला ओ देण्याचं काम डब्ल्यू५१०० परस्पर करते. स्पेक्ट्रमला त्याचा पत्ताही नव्हता. पीपीवाल्या काकूंनीच “हो हो, आहेत घरी” म्हणून सांगून टाकलं होतं.

खरी ओळख झाली ती फाइलींच्या वेळी. कपाटाच्या वरच्या फळीवर पत्त्यांच्या कॅटाएवढा, रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक चोवीस तास चालू असतो. जाहिराती गाळणं, फोटोंची नक्कल ठेवणं, यंत्रांना नावं देणं अशी घरच्या जाळ्याची कारकुनी त्याच्याकडे आहे. त्याच्यावर मी टीएनएफएस नावाचा फाइली वाटणारा प्रोग्रॅम बसवला. ही पद्धत जुन्या आठ-बिटी यंत्रांसाठीच आखलेली आहे. ती १६३८४ क्रमांकाच्या पोर्टावर बसते, आणि स्पेक्ट्रमच्या स्मृतीत पडद्याचं चित्र जिथून सुरू होतं तो पत्ताही १६३८४च. या खात्यातल्या लोकांना असली गंमत पुरते.

ही पद्धत टेपच्या नेमकी उलट चालते. स्पेक्ट्रम म्हणतो, “पुढचा तुकडा दे, मागणी क्रमांक सात.” उत्तर आलं नाही तर तो थोडं थांबतो आणि तीच मागणी त्याच क्रमांकानं पुन्हा करतो. देणाऱ्याला क्रमांकावरून कळतं की ही नवी मागणी नव्हे, आधीचीच हाक आहे. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तेवढाच परत येतो, बाकीच्यांना धक्का लागत नाही. जाळ्याच्या गतीचं आपण कौतुक करतो, पण माझ्या मते “पुन्हा सांग” म्हणता येणं हा त्याचा त्याहून मोठा गुण आहे. टेपला पाच मिनिटं लागायची तो खेळ आता काही सेकंदांत येतो. वेगामुळे मला विशेष काही वाटलं नाही. पायची जाळ्याची तार मुद्दाम काढून थोड्या वेळानं पुन्हा लावल्यावर स्पेक्ट्रम न रागावता जिथे होता तिथून पुढे गेला, तेव्हा वाटलं.

या जोडगोळीत एक जुनं भांडणही मिटलेलं आहे. स्पेक्ट्रमवाल्या क्लाइव्ह सिंक्लेअरचा उजवा हात असलेला ख्रिस करी त्याला सोडून गेला आणि १९७८ साली हर्मान हाउझरबरोबर सिंक्लेअरच्याच केंब्रिज गावात त्यानं एकॉर्न कंपनीचा पाया घातला. बीबीसीनं लोकशिक्षणासाठी संगणक निवडला तो एकॉर्नचा. १९८१च्या डिसेंबरात ‘बीबीसी मायक्रो’ आला आणि सिंक्लेअरला ते कायम खुपत राहिलं. १९८४च्या नाताळाच्या सुमारास केंब्रिजच्या एका पबात त्यानं करीला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रानं मारलं, ही तिथली प्रसिद्ध गोष्ट. त्याच वर्षी भारत सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून हाच बीबीसी मायक्रो आपल्या शाळांत येऊ लागला, आणि पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं त्याची भारतीय आवृत्तीही काढली. पहिल्या वर्षी शाळा अडीचशेच्या आसपास होत्या. कुलूपबंद खोली, चपला बाहेर, आणि एका कळफलकावर चार मुलं, हे त्या पिढीला आठवत असेल.

दोन्ही कंपन्यांना वर्गातली यंत्रं एकमेकांना जोडायची गरज तेव्हाच कळली होती. एकॉर्ननं ‘इकोनेट’ काढलं, सिंक्लेअरनं १९८३ साली साध्या हेडफोनच्या पिनेसारख्या पिनांची तार वापरून ६४ यंत्रं जोडणारं स्वस्त जाळं दिलं. तारेवर बोलण्याआधी कुणी बोलत नाही ना ते ऐकायचं, दोघं एकदम बोलले तर वाट पाहून पुन्हा सुरू करायचं. आपल्याकडच्या सभेतलं “तुम्ही बोला”, “छे छे, आधी तुम्ही” हेच. रॉबर्ट मेटकाफनं १९७३ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेट, म्हणजे माझ्या भिंतीतल्या तारेवर आज चालते ती पद्धत, सुचवलं तेव्हाही तार अशीच सामाईक होती.

एकॉर्नच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे स्वतःचा प्रोसेसर आखला. १९८५च्या २६ एप्रिलला तो पहिल्यांदा चालला. त्याचं नाव एआरएम. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्याचाच वंश आहे. रास्पबेरी पायमध्येही तोच. २०१२च्या २९ फेब्रुवारीला पाय विक्रीला आला तेव्हा त्याच्या ए आणि बी या प्रकारांची नावंसुद्धा बीबीसी मायक्रोच्या प्रकारांवरून ठेवलेली होती. म्हणजे माझ्या कपाटावर एकॉर्नचा पणतू बसून सिंक्लेअरच्या यंत्राला हवी ती फाइल हवी तेव्हा काढून देतो.

*

राहिली ‘व्याज – २’. फीत मी दोन वेगळ्या टेपरेकॉर्डरांवर वाजवून लॅपटॉपमध्ये आवाज म्हणून उतरवली. चुरगळलेली जागा एकात खराब आली, दुसऱ्यात जेमतेम बरी. दोन्हींतले चांगले भाग जोडून एक पूर्ण आवाज तयार झाला, त्याचं फाइलीत रूपांतर केलं, फाइल पायवर ठेवली. टेपला पुन्हा विचारता येत नाही, पण दोन जणांना विचारता येतं.

मामाला घरी आणलं. तो बँकेतून निवृत्त झाला त्याला वीस वर्षं झाली. प्रोग्रॅम आला, चालू केला, आणि पडद्याच्या वर मोठ्या ऐटीत ‘ए बी सी’ अशी तीन इंग्रजी अक्षरं उमटली. मामा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “अरे, अक्षरं दुसऱ्या गठ्ठ्यात आहेत.”

स्पेक्ट्रममध्ये आपण स्वतः आखलेली २१ अक्षरं ठेवता येतात. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ चौकटींचं. यंत्र सुरू होताना त्या २१ जागांत ए ते यू ही अक्षरं भरलेली असतात, आपण आपली आखणी टाकेपर्यंत तीच दिसतात. मामानं १९८९ साली चौकटीच्या वहीवर ‘व्याज’ आखलं होतं, तीन जागांत. आठ ओळींत देवनागरी बसवणं हा छळ आहे: एक ओळ शिरोरेषेला जाते, वरच्या मात्रेला जागा ठेवावी तर अक्षर बुटकं होतं, खाली उकार आला तर तो पुढच्या ओळीत घुसतो. ‘व्याज’ शब्दाला वर काही नाही आणि खालीही काही नाही. मामा म्हणाला, “म्हणून तर तोच शब्द घेतला. ‘मुद्दल’ बसेना.” ही अक्षरं टेपवर १६८ बाइटांच्या वेगळ्या गठ्ठ्यात होती आणि मी कॅसेट तिथपर्यंत वाजवलीच नव्हती.

तो गठ्ठाही उतरवला. ‘ए बी सी’च्या जागी बुटकं, जाड, शिरोरेषा थोडी तुटलेली ‘व्याज’ उभं राहिलं. खाली प्रश्न आला: किती पट, किती वर्षं. तेव्हा किसान विकास पत्र नवंच निघालं होतं, साडेपाच वर्षांत दामदुप्पट. बँकेत येणारा प्रत्येक जण विचारायचा की म्हणजे टक्के किती, म्हणून मामानं हा प्रोग्रॅम लिहिला होता. मी २ आणि ५.५ टाकलं. क्षणभर थांबून उत्तर आलं: १३.४३.

“बरोबर आहे,” मामा म्हणाला, आणि चष्मा काढून ठेवला.

तुमच्या घरी माळा रिकामा होत असेल, किंवा भंगारवाला दारात उभा असेल, तर एवढंच करा. काळी, वहीएवढी पेटी दिसली तर तिच्या पोटावरचं लेबल वाचा. पेटी ठेवायची नसेल तर नका ठेवू, ती इतरांकडेही आहे. पण हातानं नाव लिहिलेल्या कॅसेटी मात्र देऊ नका. त्या एकेकच असतात. शेवटपर्यंत वाजवून त्यांचा आवाज उतरवून घ्या, शक्य असेल तर दोन वेगळ्या टेपरेकॉर्डरांवर. आणि ॲडाप्टर मीटरला लावून पाहिल्याशिवाय प्लगात घालू नका: ९ व्होल्ट, आत ऋण.